शेवटचा कॅशबॅक

मित्रांनो, भिलाईच्या कोहका वस्तीतल्या एका घरात, कपाटातल्या बांगड्यांच्या डब्यात पडून असलेलं मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. माझ्या अंगावरचे आकडे आता पुसट झाले आहेत.

एका कारखान्यात प्लास्टिकच्या पत्र्यातून मला कापलं, चिप बसवली आणि लिफाफ्यात घालून शालिकरामच्या घरी धाडलं. शालिकराम स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, म्हणजे रेल्वेचे रूळ बनतात तिथे, कामाला. घरखर्च त्याची बायको मनकर्णा बघायची. माझ्यावर खरेदी केली की बँक थोडे पैसे परत करते. त्यालाच कॅशबॅक म्हणतात. पण बिल तारखेच्या आत पूर्ण भरलं नाही, तर व्याज असं लागतं की मिळालेलं सगळं त्यात जातं. मनकर्णाने तारीख कधी चुकवली नाही. कॅशबॅक जमा झाला की ती म्हणायची, "या महिन्याची साखर कार्डानं आणली." मला फार बरं वाटायचं.

मग माझं नाव प्लांटमधल्या सोबत्यांत पसरलं. "भाऊ, तुमचं कार्ड घासून द्या. पगार झाला का नगद देतो. कॅशबॅक तुमचा." शालिकरामला नाही म्हणता येत नसे. कुणाचा कूलर, कुणाची वॉशिंग मशीन माझ्यावर येऊ लागली. दिवाळीत शेजारच्या नरेशने मोठा टीव्ही घेतला आणि माझी मर्यादा काठोकाठ भरली.

"दुसऱ्याच्या टीव्हीनं आपलं कार्ड कावून भरता?" मनकर्णा म्हणाली. "आपल्याले गरज पडली त मंग?"

"अवं, फुकटात पैसे येऊन राहिले ना," शालिकराम हसला.

दिवाळी संपते न संपते तोच मनकर्णाच्या पोटात दुखू लागलं. दुर्गच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल. काउंटरवर आधी पैसे भरायचे होते. शालिकरामने मला पुढे केलं. मशीनने मला नाकारलं.

"अंकल, लिमिट नहीं है. दूसरा कार्ड दीजिए."

दुसरं कार्ड नव्हतं. धूळ बसली असेल म्हणून त्याने मला शर्टाला पुसलं आणि पुन्हा दिलं. मशीनने पुन्हा नाकारलं. व्हीलचेअरवर बसलेली मनकर्णा बघत होती.

त्याने नरेशला फोन लावला. "टीव्हीचे पैसे आताच पायजे. तुह्या वहिनीले भरती करून राहिलो."

"भाऊ, पगार व्हायचा हाय. पण थांबा, मी आणतो कुठून तरी."

शालिकरामने मला मुठीत इतकं आवळलं की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली. तो दाराकडे बघत राहिला. मनकर्णा पोट धरून हळूच म्हणाली, "नरेशच्या टीव्हीवर आता काय लागलं असन?"

नरेश बायकोच्या बचत गटातून पैसे घेऊन धावत आला. ऑपरेशन झालं. उशिराने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. शालिकरामने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तेच पुन्हा विचारलं.

पण ऑपरेशननंतरचा ताप उतरलाच नाही. मनकर्णा घरी आली नाही.

तोवर पगार झाले होते. सोबत्यांनी आपापले पैसे आणून दिले आणि माझी मर्यादा मोकळी झाली. दवाखान्याचं शेवटचं बिल माझ्यावरून एका झटक्यात गेलं. ते बिलही शालिकरामने तारखेच्या आत भरलं, तिने भरलं असतं तसं.

तेरवी झाल्यावर नरेश येऊन बसला होता. शालिकरामचा फोन वाजला. त्याने मेसेज वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"कोणाचा मेसेज, भाऊ?"

"बँकेचा. दवाखान्याच्या बिलावर कॅशबॅक आला. बधाई देऊन राहिले."

त्यानंतर त्याने मला वापरलं नाही. तो कॅशबॅक पुढच्या बिलातून वळता व्हायचा होता. पुढचं बिल आलंच नाही. ते पैसे अजून माझ्यातच आहेत.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा माझ्यासारखं कार्ड जरूर वापरा. बिल वेळेवर भरा, घरची साखर आणा. पण फुकटच्या पैशांसाठी मला काठोकाठ भरू नका. माझ्यात थोडी जागा मोकळी ठेवा. ती तुमच्या माणसाची जागा असते.