लाल दोऱ्याचा ड्रॉपर

…कड मात्र पातळ होती. एकाच रेषेची, बारीक टाकाने ओढल्यासारखी. तिच्या आत पाण्यासारखी मोकळी जागा आणि मधोमध चार पेशींचा पुंजका – की पाच? – किंचित एका बाजूला सरकलेला, बाकावर कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. मणचेकरांनी भिंगावरून डोळा काढला, चष्मा रुमालाने पुसला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की सूक्ष्मदर्शकात पाहताना आपण चष्मा लावतच नाही. चष्मा टेबलावर ठेवून त्यांनी पुन्हा डोळा टेकवला. अंडे तिथेच होते. हुकवर्म जंताचे, एकुलते एक.

स्लाइडची उरलेली जागा त्यांनी शेत नांगरावे तशी पाहिली. डावीकडून उजवीकडे, एक ओळ खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडे. कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनात छत्तीस वर्षांपूर्वी शिकवले होते अगदी तसे. दुसरी स्लाइड केली, तिसरी केली. काही नव्हते. तिथे, कोल्हापुरात, तीन स्लाइडींमागे एकीत काहीतरी निघायचेच, आणि सापडले की मुले एकमेकांना हाका मारायची. इथे मस्कतच्या रुवी भागातल्या या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, हॉटेलांतल्या आणि मेसमधल्या माणसांच्या आरोग्यकार्डासाठी येणारे नमुने तपासताना, या वर्षी ऑगस्ट संपत आला तरी एकही जंत, एकही अंडे सापडले नव्हते. चांगलेच आहे की, लोक म्हणतील. पण रोज रिकामे पाहण्याचा एक शीण असतो, तो कुणाला सांगावा? न सापडण्याची सवय लागली की डोळा पाहत नाही, नुसता फिरतो. हात शिक्का उचलतो आणि शिक्का पडल्यावर आपल्याला कळते की आपले पाहून झाले.

म्हणून तर ती बाटली होती.

वीस वर्षांपूर्वी मस्कतला उतरल्यावर नोकरीआधी त्यांची स्वतःचीच तपासणी झाली, ती याच खोलीत. तपासणारे बदरुद्दीनसाहेब हैदराबादचे. पान सुटल्यामुळे सतत वेलची चघळणारे. त्यांनी मणचेकरांना जवळ बोलावून भिंगातून पाहायला लावले होते. “देखो रामकृष्णमियाँ, तुम्हारे साथ कितने लोग बग़ैर वीज़ा के आ गए.” मणचेकर शरमेने खाली पाहत राहिले. देवगडकडचे अनवाणी बालपण, पावसात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत उठणारी खाज… त्या खाजेतून काय आत शिरते हे पाठ करून ते परीक्षा पास झाले होते, आणि तरीही स्वतःला तपासावे असे त्यांच्या कधी मनात आले नव्हते. बदरुद्दीनसाहेबांनी गोळी दिली, अहवालावर ‘निल’चा शिक्का मारला, आणि तो नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत भरून फडताळात ठेवला. इथे असा माल पुन्हा मिळणार नाही, म्हणाले. रोज सकाळी डोळ्याला दाखवत जा, नाहीतर डोळा विसरेल.

तेव्हापासून रोज साडेसात वाजता मणचेकर त्या बाटलीतला एक थेंब भिंगाखाली धरत आले होते. स्वतःचीच अंडी, वीस वर्षे जुनी. जयवंतीला, म्हणजे बायकोला, हे एकदा सांगितले तेव्हा तिने हातातले लाटणे खाली ठेवले होते. माणसे गावाकडची माती जपून ठेवतात, तुम्ही हे जपलंत, एवढेच ती म्हणाली आणि पदराआड हसत राहिली.

बाटलीचा ड्रॉपर वेगळा. त्याच्या मानेला लाल दोरा, ठेवायची जागा वेगळी – खिडकीतला पितळी पेला. तो ड्रॉपर आज आठ वाजता पेल्यात नव्हता. नमुन्यांच्या ट्रेमध्ये होता, सलाइनच्या बाटलीशेजारी आडवा.

मी तो तिथे ठेवला? केव्हा? या नमुन्यासाठी सलाइनचा थेंब मी कशाने घेतला?…

आठवत नव्हते. आणि आठवणार तरी कसे – त्या सकाळी काहीच घडले नव्हते. फोन आला नव्हता, वीज गेली नव्हती. हजारो सकाळींसारखी सकाळ. त्या एकमेकींत इतक्या मिसळून गेलेल्या, की कुठल्याही एका सकाळी हाताने काय केले हे विचारले तर हात सगळ्यांचे मिळून एकच उत्तर देतो. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या अंड्याच्या पेशी आक्रसतात, कड पिवळसर होते, हे खरे. पण स्लाइडवर टाकलेल्या आयोडीनच्या थेंबात प्रत्येकच कड पिवळसर दिसते. उरलेला नमुना त्यांनी ओल्या टीपकागदाच्या पट्टीवर फासून परीक्षानळीत उभा केला होता. जिवंत अंडे असेल तर आठवड्याभरात नळीच्या तळाच्या पाण्यात अळ्या वळवळू लागतील. मेलेल्यातून काहीच निघणार नाही. पण आठवडा होता कुणाकडे?

नमुना इक्बालचा होता. गाला भागातल्या एका कामगार मेसमधला स्वयंपाकी, राजापूरकडचा, बेचाळीस वर्षांचा. त्याचे कार्ड आज संपत होते. कंपनीचे सरकारी कागद फिरवणारा मंदूब शरीफ दहा वाजता डोकावून गेला. आज बुधवार आहे, गुरुवार-शुक्रवार बलदिया, म्हणजे नगरपालिका, बंद, एकच्या आत अहवाल हातात हवा, असे त्याने नेहमीच्या घाईत सांगितले. मणचेकरांनी उगाचच, सहज विचारल्यासारखे, विचारले की समजा काही निघाले तर. शरीफने किल्ल्या बोटावर फिरवल्या. एक गोळी दिली की खलास, हे त्याला ठाऊक होते. पण अर्बाबला, म्हणजे मालकाला, ते कोण समजावणार? गेल्या वर्षी असाच एकाचा अहवाल आला, अर्बाबने ‘किडा’ हा एकच शब्द ऐकला आणि चौथ्या दिवशी माणूस विमानात.

“आप तो कभी कुछ निकालते नहीं, चाचा,” शरीफ जाता जाता म्हणाला. त्याने ते कौतुकानेच म्हटले होते.

निकालते नहीं… बदरुद्दीनसाहेब गेल्यावर मणचेकरांनी पहिली गोष्ट केली होती ती ‘निल’चा शिक्का टाकून देण्याची. नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दिसले नाही, एवढेच आपण म्हणू शकतो. म्हणून ‘नॉट सीन’चा नवा शिक्का. त्या दोन शब्दांचा त्यांना अभिमान होता, विनयाचा असतो तसला. आज प्रथमच त्यांच्या मनात आले, की त्या शब्दांखाली आपण फार वर्षे सावलीला बसलो आहोत. आणि ‘दिसले’चा शिक्का आपण करूनच घेतला नाही.

अंडे इक्बालचे असेल, तर आपला हात स्वच्छ आहे, डोळा शाबूत आहे, आणि एका माणसाचे घर गेले. अंडे बाटलीतले असेल, तर इक्बाल वाचला. मात्र ज्या एका गोष्टीवर आपण स्वतःला माणूस म्हणून उभे केले, ती पद्धत, ती आज सकाळी कुणाच्याही नकळत हातातून गळून पडली. साडेअकरा वाजता मणचेकरांनी स्वतःला पकडले: ते मनातल्या मनात विनवत होते, हात चुकलेला असू दे. चुकलेला असू दे. छत्तीस वर्षांत आपल्या हातासाठी असे काही त्यांनी मागितले नव्हते.

इक्बाल बाहेर बाकावर बसला होता. मणचेकरांनी त्याला आत बोलावून दार लोटले आणि गावाला कधी गेला होतास, असे विचारले.

“जूनात गेलो, ह्या म्हयन्याच्या पाच तारखेला आलो. लावनी करून आलो ना, भाऊ.”

“चप्पल?”

“चिखलात कोन चप्पल घालतो?” तो हसला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरले. “काय वाईट नाय ना?”

पायाला खाज आली होती का, हे विचारायची गरज नव्हती, तरी मणचेकरांनी विचारले. ती तर दरसालची, तो म्हणाला. अम्मी खोबरेल लावते. काय बोलावे हे मणचेकरांनी ठरवले नव्हते, आणि जे बोलले गेले ते त्यांनाच परक्यासारखे ऐकू आले.

“एक अंडं दिसलंय, इक्बाल. ते तुझं की माझं, हे मला ठाऊक नाही.”

“तुमचा? तुमचा कसा, भाऊ?”

मग त्यांनी सांगितले. बाटली, लाल दोरा, पितळी पेला, सगळे. कॉलेजात प्रयोगाची कृती सांगावी तसे क्रमाने, एकही पायरी न गाळता. इक्बालने फडताळातल्या बाटलीकडे बराच वेळ पाहिले. जी गोष्ट मणचेकरांनी वीस वर्षांत बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती, ती तो गावची मानाची वस्तू पाहावी तशी पाहत होता.

“मग तुमचाच म्हना की, भाऊ,” तो शेवटी म्हणाला. आवाजात मस्करी होती, आणि मस्करीखाली मस्करी नव्हती. “तुमाला आता कोन परत पाठवनार हाय?”

मणचेकरांनी टेबलावरचा शिक्का उचलला आणि पुन्हा ठेवला. बदरुद्दीनसाहेबांनी ‘निल’ मारला तेव्हा त्यांना नेमके काय वाटले असेल? दया? की नुसता कंटाळा – पुन्हा अर्ज, पुन्हा माणूस, पुन्हा तपासणी? हे विचारायचे राहून गेले. आपले इथले सगळे, वादी अदाईतली दोन खोल्यांची जागा, मुलांची शिक्षणे, जयवंतीचे गुडघ्याचे ऑपरेशन, त्या एका शिक्क्यावर उभे. आणि तो शिक्का खोटा होता. खोट्यावर उभे राहून आपण वीस वर्षे खरेपणाची नांगरट केली… दमायला झाले ते त्या खोट्याने की या नांगरटीने, हे त्यांना सांगता आले नसते.

त्यांनी नवी डबी पुढे केली. आणखी एक नमुना लागेल, म्हणाले. आत्ता.

“आत्ता?” इक्बाल डबीकडे पाहतच राहिला. “ते काय माझ्या हातात हाय, भाऊ?”

“चहा घे. वाट पाहू.”

दुसरा नमुना रिकामा निघाला तरी काही सिद्ध होत नाही, हे त्यांना माहीत होते. तुरळक लागण एक दिवस दिसते, चार दिवस दिसत नाही. तरीही त्यांनी टेबल पुसून काढले. बाटली फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, मागे सरकवली. लाल दोऱ्याचा ड्रॉपर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, मग काढला, मग पुन्हा टाकला. पहिल्या स्लाइडवरचे पाणी कडेने सुकत आले होते आणि ते एकुलते अंडे आता एका अंगाने चेपू लागले होते. मणचेकरांनी अहवालाच्या कोऱ्या रकान्यात, शिक्का बाजूला सारून, शाईने लिहिले: पहिल्या नमुन्यात, एक. पुढे कुणाचे, हा रकाना छापलेला नव्हता. तसा रकाना कधी नसतोच.

पाऊण वाजता इक्बाल आला. डबी त्याने दोन्ही हातांत धरली होती, प्रसादाची वाटी धरावी तशी, आणि नजर जमिनीला होती. “झाला, भाऊ,” तो हळूच म्हणाला. बाहेर शरीफच्या किल्ल्या वाजत होत्या.

मणचेकरांनी नवी काच घेतली, नवा ड्रॉपर घेतला, आणि प्रत्येक हालचाल स्वतःशी पुटपुटत केली – सलाइन, काडी, काच तिरपी, बुडबुडा नको – हाताला आठवण राहावी म्हणून. निदान ही एक दुपार बाकीच्या दुपारींत मिसळून जाऊ नये म्हणून. चष्मा त्यांनी काढून ठेवला. भिंगावर डोळा टेकवला, तेव्हा हात चुकलेला असू दे हे मागणे मनात शोधूनही सापडले नाही, आणि त्याच्या उलटे मागणेही. शीण होता तसाच होता, खांद्यांत, मानेत, पापण्यांच्या मागे. पण त्या शिणाच्या आत डोळा जागा झाला होता, कोल्हापुरातल्या पहिल्या दिवसासारखा, घाबरलेला.

समोर नुसता पिवळट, हलता उजेड होता. त्यांनी बारीक चक्राला बोट लावले. अजून काही दिसत नव्हते. आणि हे न दिसणे त्यांच्या शिक्क्यावरचे, न पाहताच छापलेले, नव्हते.