बुफरातली खडखड

रजतने जुनी व्हॅन घेऊन तिच्या मागच्या बाजूला पेटीएवढा बुफर, म्हणजे गाणी दणकवणारा स्पीकरचा डबा, बसवला, तेव्हा गाव हसलं होतं. हसू द्या हो! त्या बुफरच्या जोरावरच लग्नसराईत पांढरकवड्यापासून वणीपर्यंतच्या वराती त्याची गाडी मागायच्या. पण आता त्याच्या स्वतःच्याच लग्नाचं घोडं त्या बुफरपाशी अडलं होतं.

त्या वर्षांत कापसाचा भाव असा झोपला होता, की शेती करणाऱ्या पोराचं नाव काढलं तरी पोरीचा बाप अर्धा चहा टाकून उठायचा. म्हणून रजतच्या बापाने, रामरावांनी, पोरीच्या बापाला, वणीच्या अनंतरावांना, फोनवर छातीठोक सांगून टाकलं, "शेती केव्हाच बटईने देल्ली जी. आमचं पोट्टं वावरात पायच टाकत नाही. त्याचा गाडीचा धंदा हाय."

रविवारी पाहुणे घर पाहायला येणार, आणि भाव येईल या आशेवर घरात ठेवलेला कापूस पार आढ्याला टेकलेला! रजतच्या आईने, भागीरथाबाईंनी, तो सगळा गाठोड्यांत बांधून शेजारच्या धरमसिंगच्या गोठ्यात लपवला. अंगाला खाज सुटून बिचारी रडकुंडीला आली.

राहिली गाडी. अनंतराव खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन, त्यांचे कान तिखट. आणि बुफर नेमका तेव्हाच रुसला. एक्सीलेटर दाबला की कुईऽऽ, गाणं लावलं की खडखड.

बुफर ज्याच्या दुकानातला, त्या क्षितिजने पांढरकवड्याच्या स्टँडसमोर सीट काढून पाहिलं. "अबे, अर्थिंगची वायर रंगावरच कसली लेका! पत्र्याले टेकलीच नाही."

त्याने पॉलिश पेपरने रंग खरवडला, बोल्ट आवळला, गाण्याची वायर बॅटरीच्या वायरीपासून सोडवून दुसऱ्या बाजूने नेली. कुई बंद! रजतने त्याला मिठीच मारली. पण खडखड हटेना. नंबर प्लेट दाबून धरली, डिक्कीवर दोघं ओणवे झाले, स्टेपनी काढून रस्त्यावर ठेवली. खडखड आपली चालूच. क्षितिज म्हणाला, "डबाच खोलून पाहू," आणि तेवढ्यात अनंतरावांना घेऊन वणीची एसटी आली.

अनंतराव व्हॅनमध्ये पुढे बसले, घ्यायला आलेले रामराव मागे. गाव जवळ येईपर्यंत रजतने बुफरचं नावही काढलं नाही. शेवटी अनंतरावांनीच गाण्याचं बटण पिळलं.

खडखड खडखड!

"थांबवा गाडी," अनंतराव म्हणाले.

"राहू द्या न जी, पावणे तुम्ही," रामराव काकुळतीला आले.

"मले खडखड सहन होत नाही." अनंतरावांनी खिशातून पेचकस काढला. सोयरीक जुळवायला निघालेला माणूस, आणि खिशात पेचकस! त्यांनी स्क्रू खोलले, स्पीकर उचलला. आतून एक गलेलठ्ठ उंदीर निघाला, तो थेट रामरावांच्या मांडीवरून पळाला. त्याच्यामागून कापूस. उंदराने फोडलेल्या सरकीची टरफलं रस्त्यावर सांडली. तीच वाजत होती.

"हा कापूस कोठचा?"

रामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं घर झाडून लपवलं आणि हे राहिलं!

"घरचाच," रजत बोलून गेला. "आवाज गोल येते म्हणून क्षितिजनं डब्यात सरकी काढलेली रुई भराले सांगतली होती. मी घाईघाईत ढिगातला कापूसच भरला."

"सरकीसकट?"

"सरकीसकट."

अनंतराव असे हसले, की त्यांना व्हॅनचा दरवाजा धरावा लागला. "रामराव, फोनवर मले वाटलं, तुम्ही खोटं बोलून राह्यले. माफ करा बाप्पा! सरकीसकट कापूस डब्यात भरते अन् वर उंदराले जेवू घालते, तो शेतकरी असूच शकत नाही. देल्ली पोरगी!"

रजतला ते जिव्हारी लागलं. हा कापूस त्यानेच पेरला होता, त्यानेच फवारला होता, आईसोबत वाकून वाकून वेचला होता. 'मी शेतकरीच हाय' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण अनंतरावांच्या पाठीमागे रामराव उभे होते आणि पोरापुढे त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

"व्हय जी," रजत म्हणाला, "मले शेतीतलं काहीच कळत नाही."

लग्न ठरल्याचा आनंद त्याला झाला, नाही असं नाही. फक्त बापाकडे त्याला बघवेना.