गोवर्धनचे कान

हिवरखेडात भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची. सत्यभामा झाकलेला डबा हलवते, बाया एकेक नाव घेतात, जुळलं की झाकण उघडतं. पण सगळ्यांआधी ओळखतो तो तिचा नवरा गोवर्धन, ओसरीवर बसल्या बसल्या. फुटाणे कसे टपटपतात, मुरमुरे कसे कुजबुजतात, त्याच्या कानांना सारं ठाऊक.

यंदा त्याच कानांनी घोळ केला. मोबाईलवर झेंडूच्या फवारणीचं काही बघावं, तर आधी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात. एक गोरागोमटा माणूस नोटा उधळत सांगायचा, हा नशिबाचा खेळ नव्हेच, कौशल्याचा आहे. दोन लेकरांचा बाप गोवर्धन ते ऐकून नवरदेवासारखा लाजायचा. जणू तो माणूस त्याच्या कानांचं कौशल्य ओळखूनच बोलत होता.

दसऱ्याला झेंडू सोन्यासारखा गेला. त्या पैशांत विहिरीवर मोटर बसायची होती. गोवर्धन म्हणू लागला, आधी खेळून पाहू, एकीच्या दोन मोटरी होतील.

सत्यभामा भांडली नाही. "आजची खिरापत ओळखा," ती म्हणाली. "ओळखली त खुशाल लावा पैसे. नाई त मोटर."

संध्याकाळी आळी लोटली. तिनं डबा हलवला. आवाजच नाही. गोवर्धननं तो या कानाला लावला, त्या कानाला लावला, पंखा बंद करायला लावला. शिरा म्हणाला, पेढे म्हणाला, केळी, पुरणपोळी, शेवटी दहीसुद्धा. बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. शेजारच्या मैनाबाईनं तर उभ्या उभ्या गाणं रचलं:

डबा हाले ना, डबा बोले ना,
गोवर्धन भाऊचं तोंड थांबे ना!

तो हरला. झाकण निघालं. आत काठोकाठ झेंडूच्या पाकळ्या. दिवसभर झेंडूच्या वावरात, त्याच वासात न्हालेल्या नाकाला डब्यातला वास वेगळा कळावा कसा?

"हे काय खायचं हाय?" तो तडकला. "असं कोनी भरते काय?"

"भरनाऱ्याची मर्जी. मी भरला, मले माहीत. त्या मोबाईलवाल्याचा डबा कोन भरते? तुमी?"

गोवर्धननं डब्यातल्या पाकळ्या मुठीत घेऊन पाहिल्या. मग पोटातून हसू फुटलं, ते आवरेचना.

सकाळी अकोल्याहून मोटर आली. आणि संध्याकाळचा डबा त्यानं स्वतः भरला, स्वयंपाकघराचं दार लावून, गुणगुणत. बाया थकल्या, चिडल्या, सत्यभामानं तर हात जोडले. हा गडी झाकणावर पंजा ठेवून आपला हसतोच आहे.