खिळा न ठोकता ओढलेली तार

व्यंकटरावांच्या म्हशीनं एकदा घराच्या भिंतीला अंग घासलं आणि त्या संध्याकाळी तिनं दुधाऐवजी ताक दिलं. वर लोणी तरंगत होतं. ही गोष्ट मी हिंगोलीत इतक्यांदा सांगितली की पुढं पुढं म्हैसच माझ्याकडं बघून मान डोलवायची. ज्याला खोटं वाटतं त्यानं ताकाचं सोडून द्यावं, पण भिंतीचं खरं धरावं. त्या भिंतीत बिजली उतरली होती.

निजामाचं राज्य होतं. लांब विलायतेत लढाई पेटली होती आणि तिच्या पायी इकडं घासलेट मिळेना झालं होतं. मी, धनसिंग, स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनात इंजिन चालवायचो. दिवसा त्या इंजिनावर कापसातली सरकी निघायची. दिवेलागणीला त्याच इंजिनाला डायनामो जोडला की आसपासच्या पाच-सात घरांत बत्ती लागायची. खांबावरची जोडणी बघणं, घरात तारा ओढणं हे काम मकबूल मिस्त्रीचं. माणूस मोठा तोंडाळ. मालक असो की मजूर, त्याच्या तोंडातून कुणी सुटत नसे.

हिंगोलीत पहिली बत्ती लागली ती हळदीचे व्यापारी व्यंकटराव यांच्या ओट्यावर. तेव्हा मकबूल जिनात आलेला नव्हता. कुण्या फिरत्या गड्यानं तारा मातीच्या भिंतीत नुसत्या लिंपून टाकल्या, सांधे जुन्या धोतराच्या चिंध्यांनी बांधले आणि पसार झाला. फ्यूजमध्ये बारीक तार असते. भार वाढला की ती आपण जळते आणि घर वाचवते. इथं त्या जागी घोड्याच्या नालेचा खिळा बसवला होता. तो खिळा जळायच्या आधी व्यंकटराव जळाले असते.

श्रावणात त्यांची लेक शकू साखऱ्याच्या सासरहून बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले होते. सुईण सखुबाई, अर्ध्या हिंगोलीला जगात आणणारी बाई, पण आता तिच्या डोळ्यांवर सारा, पांढरा पडदा, वाढलेला. ती येऊन खोली बघून गेली आणि व्यंकटरावांना स्पष्ट म्हणाली, "कंदिलाच्या उजेडात मला पोरीचं तोंड कोणतं अन् उशी कोणती ते दिसत न्हाई. लख्ख उजेड द्या, न्हाईतर दुसरी सुईण बघा."

दुसरी सुईण होती कुठं? व्यंकटरावांनी मकबूलला बोलावलं. दिवेलागणीला डायनामो जोडून शिडी धरायला मी गेलो.

"मकबूल, आतल्या खोलीत एक दिवा काढून दे. ओट्यावरच्या तारेला जोड, झालं."

मकबूलनं भिंतीवरून हाताची उलटी बाजू अलगद फिरवली आणि झटकन मागं घेतली. मग पिशवीतून तारा लावलेला बत्तीचा एक गोळा काढला. एक तार ओल्या भिंतीला टेकवली, दुसरी आडाच्या लोखंडी रहाटाला. गोळा तांबूस पेटला.

"बघा मालक. तुमची भिंत कंदील झालीया."

"मग चांगलंच हाय की," व्यंकटराव म्हणाले. "भिंतच उजेड देऊन राहिली तर घासलेट वाचलं."

"आतल्या खोलीत बाळंतीण न्हाणार. भुई ओली, भिंत ओली. तिनं उठताना भिंतीला हात टेकला तर? या तारेला मी नवा दिवा जोडणार न्हाई. आधी हे सगळं काढायचं, नव्या तारा ठोकायच्या, मग दिवा."

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. पैशासाठी नव्हे, तो माणूस तसा कंजूष नव्हता.

"ठोकायचं न्हाई," ते हळूच म्हणाले. "घरात अवघडलेली पोर हाय. आमच्या घरात अशा वेळी खिळा ठोकत न्हाईत, अन् ठोकलेला उपटत न्हाईत. माझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं. पोरीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"अन् शॉक लागून झालं तर?"

"आजवर कुणाला लागला?"

"म्हशीला," मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडं दुर्लक्ष केलं.

मकबूल बाहेर गेला. खांबावर चढला आणि त्या घराची जोडणीच सोडून खाली आला. व्यंकटराव ओट्यावर येऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिला तू?"

"घर तुमचं हाय मालक, तिथं तुमची मर्जी. खांब जिनाचा हाय, तिथं माझी. तुमच्या घरात मी खिळा ठोकला न्हाई अन् उपटला बी न्हाई."

"दुसरा मिस्त्री आणीन मी."

"आणा. आधी त्याला भिंतीला टेकून उभं करा, मग बोला."

त्या संध्याकाळी साऱ्या गल्लीत बत्ती आणि व्यंकटरावांचा ओटा काळा. हळदीच्या बाजारात लोक विचारू लागले, "काहून व्यंकटराव, पहिली बत्ती तुमची, अन् पहिला अंधार बी तुमचाच का?" व्यंकटराव हळदीची कांडी मोडून वास घेत राहायचे. मला वाईट वाटलं, पण इंजिनाला काही वाटत नव्हतं, ते आपलं धुकधुकत राही.

तिकडं शकूचे पाय सुजले. सखुबाई रोज येऊन दारातच विचारायची, "उजेड आला का?" आणि माघारी जायची.

एके दुपारी व्यंकटरावांच्या पत्नी शालूबाई जिनाच्या फाटकाशी आल्या. डोक्यावर पदर, हातात पाळण्याची दोरी. बाजारातून नवी घेऊन घरी चालल्या होत्या.

"मकबूलभाऊ, एक इचारू का? तार भिंतीतच लागती का?"

"न्हाई बाई. भिंतीपासून लांब राहिली तर आणखी चांगलं. पण कशाला तरी धरून पायजे. त्यालाच खिळा लागतो."

"आन पाळणा?"

"पाळणा काय?"

"पाळणा टांगायला आमी कुठं खिळा ठोकतो? तुळईला कडी हाय, कडीला दोरी हाय. पोटुशी घरात असताना बी पाळणा टांगताच येतो. तुमची तार पाळण्यापरीस जड हाय का?"

मकबूलनं तिच्या हातातली दोरी ओढून बघितली. मग डोकं खाजवत म्हणाला, "धनसिंग, ही बाई जिनात कामाला असती तर तुझी अन् माझी भाकर गेली असती."

पण घर व्यंकटरावांचं. त्यांना कोण सांगणार? ते शालूबाईंनीच सांगितलं. आम्ही ओट्यावर उभे होतो आणि आतून आवाज येत होता.

"खिळा ठोकायचा न्हाई, व्हय ना?"

"न्हाई."

"उपटायचा न्हाई?"

"न्हाई म्हटलं ना."

"दोरी बांधायला तुमच्या आईनं कधी ना केली का?"

मग व्यंकटराव बाहेर आले. मकबूलकडं न बघता, खांबाकडं बघून म्हणाले, "बांध. पण हातोडा घराबाहेर ठेव."

मकबूलनं हातोडा खरोखरच ओट्याखाली ठेवला. नवी तार खांबावरून, ओट्यापुढच्या कडुनिंबाच्या फांदीपासून हातभर दूर ओढली आणि झरोक्यातून चिनी मातीच्या नळीतून आत घेतली. माळवदाच्या तुळयांना जागोजाग चिनी मातीच्या गिट्ट्या सुतळीनं आवळून बांधल्या आणि त्यांवरून तार नेली. भिंतीला कुठं शिवली नाही. लाकडी पेटीतला नवा फ्यूज, बारीक तारेचा, झरोक्याजवळच्या खुंटीवर कंदिलासारखा लटकवला. बटण बाळंतिणीच्या हाताला लागणार नाही असं दाराबाहेर, सुतळीनंच बांधलेलं. ओट्यावरचा दिवाही नव्या तारेवर घेतला. सुतळीच्या गाठी व्यंकटरावांनी स्वतः मारल्या. हळदीची पोती शिवून शिवून त्यांचा हात त्यात तयार झालेला. त्यांची गाठ इतकी घट्ट की त्यात अडकलेली एक माशी मी दसऱ्यापर्यंत भुणभुणताना ऐकली आहे.

"जुन्या तारेचं काय?" त्यांनी विचारलं.

"ती आता नुसती दोरी हाय. खांबाशी तिचं नातं तुटलं. राहू द्या तशीच, खिळ्यासकट." मी डायनामो जोडून आलो, तसा मकबूलनं तो तपासायचा गोळा परत भिंतीला आणि रहाटाला लावला. गोळा काळाच राहिला. मग त्यानं दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले. "टेका मालक."

व्यंकटराव टेकले. आधी एक बोट, मग हात, मग पाठ. तसेच टेकून बराच वेळ उभे राहिले. डोळे भरले होते ते धुरानं म्हणाले. चूल पेटलेली नव्हती.

दोन-चार दिवसांनी दिवेलागणीलाच शकूच्या पोटात दुखू लागलं. रोज मी इंजिन रात्री जेवणवेळेला बंद करायचो. त्या दिवशी जिनाच्या शेठला सांगितलं, पट्टा गरम झालाय, एकदम थांबवला तर तुटेल. शेठनं माझ्याकडं पाहिलं, व्यंकटरावांच्या घराकडं पाहिलं आणि म्हणाला, "मग चालू दे." मी इंजिनाला इतकं तेल पाजलं की ते गात होतं.

सखुबाईनं नंतर सांगितलं, नाळ लेकराच्या गळ्याला होती. कंदील असता तर तिला कळलं नसतं. लख्ख उजेडात तिनं ती बोटानं सोडवली. मुलगी झाली. पहिलं रडणं मी जिनात इंजिनाच्या वरताण ऐकलं, असं मी सांगतो, आणि कुणी हरकत घेत नाही.

बारशाला मकबूल हातोडा घेऊनच गेला. आता घरात कुणी अवघडलेलं नाही, जुनं सगळं उपटून टाकू, म्हणाला. व्यंकटरावांनी त्याला पेढा दिला आणि दाराशी थांबवलं.

"थांब जरा. थोरल्या सुनेला चिंचा खाव्या वाटून राहिल्या."

मकबूलनं हातोडा परत ओट्याखाली ठेवला.

त्या घरात पुढं अशी काही बरकत आली की एक पाळणा हलायचा थांबे तोवर दुसरीला चिंचा लागत. खिळा काढायला मोकळा दिवस काही मिळाला नाही. सुतळ्या जुन्या झाल्या की व्यंकटराव बदलायचे, गिट्ट्या पुसायचे. फ्यूजची तार दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा ते मकबूलकडं असे धावत आले जशी काही घरात चांगली बातमी आहे. गावात अवघडलेल्या बाईच्या घरी बत्ती घ्यायची झाली की लोक मकबूलला म्हणू लागले, "पाळण्याची वायरिंग कर."

आणि भिंतीतली ती जुनी तार पावसानं माती गळून मोकळी झाली, ओट्यापासून आडापर्यंत सरळ. तिच्यावर शालूबाई लेकरांचे लंगोट वाळत घालत.