बॉबीन कोणाला बोलावते

प्रभाकररावांनी बॉबीनला उचलून बाजाराच्या पिशवीत बसवलं, वरून टॉवेल बांधला आणि तिचं डोकं तेवढं बाहेर ठेवलं. मांजरीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही, पण मागच्या दारात उभ्या असलेल्या काजलने डोळे घट्ट मिटून घेतले, त्यावरून ओरडणं बरंच मोठं असणार हे त्यांना कळलं.

काजल ही शेजारच्या खोलीतली सून. कडेवर चार महिन्यांचं पोर आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"काका, नदीपल्याड सोडून येता काय तिले?"

ती तोंड त्यांच्याकडे करून, ओठ नीट हलवून बोलायची. चाळीतले सगळेच त्यांच्याशी असं बोलत.

"देवळीले नेतो. जनावराच्या डॉक्टरबाईकडे."

"डॉक्टर काय करन? दिवसभर ओरडून राह्यली ती. माह्यं लेकरू दचकून दचकून उठते. मीबी माणूसच आहे ना, काका."

"समजते मले."

"उद्या रविवार आहे. उद्यापर्यंत बंद झाली तर ठीक. नाईतर आमचे हे तिले पोत्यात घालून पुलापल्याड सोडून येतीन. मंग मले नावं ठेवू नका."

प्रभाकररावांनी मान डोलावली. तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या मांजरीला पोत्यात घालून पुलापलीकडे सोडायचं म्हणजे मारायचंच, हे काय कोणाला सांगावं लागतं? काजललाही ते माहीत होतं. म्हणूनच तर ती एवढं बोलून तिथे थांबली नाही, पोराला थोपटत तरातरा आपल्या घरात गेली.

पुलगावातली ही मिलवाल्यांची चाळ. मिल बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या प्रभाकररावांचे कान काही परत आले नाहीत. लूमखात्यात शेजारच्याशी बोलायचं तर आवाजाचा उपयोगच नसे. ओठ वाचायचे आणि हातांनी सांगायचं. चार बोटं तोंडाकडे नेली की 'जेवला का', तळवा उताणा केला की 'काय झालं'. प्रभाकरराव घरीसुद्धा तसेच बोलायचे आणि अन्नपूर्णाबाई लग्नानंतर वर्षभरात ते सगळं शिकल्या. मात्र पाठमोऱ्या माणसाला खुणा कशा करणार? त्यासाठी त्यांनी आपली युक्ती काढली होती. स्वयंपाकघराच्या दारात एक फरशी हलती होती. तिच्यावर त्या टाच आपटायच्या, धप धप. समोरच्या खोलीत बसलेल्या प्रभाकररावांच्या तळपायांना ते कळायचं आणि ते मागे वळायचे. चाळीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, चालू झाला अन्नपूर्णाबाईचा लूम.

अन्नपूर्णाबाई गेल्या त्याला आठ महिने झाले. मांजरीचं ओरडणं तेव्हापासूनचं. ती बाईला शोधते, असं सगळी चाळ म्हणाली, आणि प्रभाकररावांना ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तेराव्यानंतर पाहुणे गेले. पुण्याला असलेली त्यांची मुलगी अपेक्षा कानाची मशीन देऊन गेली, ती कानात नुसती शिट्ट्या मारायची म्हणून डब्यात पडली. घरात त्या बाईची आठवण काढणारं त्यांच्याशिवाय हे एकच जनावर उरलं होतं. बॉबीनने तोंड उघडलं की ते समोर बसून पाहायचे. तीस वर्षं ओठ वाचलेल्या माणसाला मांजरीचे ओठ काही वाचता यायचे नाहीत, पण ती अन्नपूर्णेलाच हाक मारते आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

देवळीच्या बसमध्ये गंमतच झाली. पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. मग तिच्या शेजारची वळली. मग कंडक्टर आला आणि हात नाचवून काहीतरी बोलला. प्रभाकररावांना वाटलं, तिकिटाचं विचारतो आहे, म्हणून त्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. आख्खी बस हसली. त्यांनी खाली पाहिलं तर बॉबीन जबडा फाडून ओरडत होती. त्यांनी ओशाळून पिशवी छातीशी धरली. मांजरीच्या गळ्याची थरथर त्यांच्या बरगड्यांना लागत होती आणि त्यांना तिची फार कीव आली.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एक शेतकरी बकरी घेऊन बसला होता. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी बॉबीनचे दात पाहिले, पोट दाबलं, वजन केलं, खाणंपिणं विचारलं. सगळं ठीक होतं. मग त्या मांजरीच्या मागे गेल्या आणि तिथल्या लोखंडी कपाटावर त्यांनी स्टीलचा ट्रे दाणकन आपटला.

शेतकरी दचकला. त्याची बकरी दचकली. मांजर काही दचकलं नाही. प्रभाकररावही दचकले नाहीत.

डॉक्टरबाईंनी एकदा मांजरीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या त्यांच्या अगदी समोर बसल्या.

"काका, तिले ऐकू येत नाई."

"कोणाले?"

"मांजरीले. वय झालं तिचं. दोनेक वर्षांपासून हळूहळू गेलं असंल. तिले स्वतःचाही आवाज येत नाई, म्हणून एवढी जोरात ओरडते."

प्रभाकरराव त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. चुकून वेगळंच वाचलं की काय, असं त्यांना वाटलं.

"म्हणजे बायकोले शोधत नाई ती? माही बायको वारली. तवापासून ओरडते."

डॉक्टरबाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"ते मी कसं सांगू, काका? बहिरं जनावर घाबरते. घरात कोणी आहे का नाई, एवढंच ती विचारत असंल."

"मी असतो ना घरात! दिवसभर घरातच तर असतो."

"तिले दिसंल असं काही करता का? बोलता तिच्याशी?"

सकाळी चहा झाला की प्रभाकरराव खाटेवर बसत, खिडकीकडे तोंड करून. दुपारी जेवण झालं की पुन्हा तिथेच. घराकडे त्यांची पाठ असायची. आठ महिन्यांत त्यांनी हाताची एकही खूण केली नव्हती. करणार कोणाला?

"औषध नाई याले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण समजून घेता येते. मागून एकदम हात लावू नका. समोरून जा. हातानं खुणा करा, रोज त्याच. शिकते मांजर. अंधार पडायच्या आत लाइट लावत जा. अन् ती पाठमोरी असंल तर पाय आपटा जमिनीवर. तिच्या पायांले कळते ते."

"काय आपटू?"

"पाय, काका. असा." आणि त्यांनी टाच आपटून दाखवली, धप धप.

परतीच्या बसमध्ये कोण वळलं, कोण हसलं, याकडे प्रभाकररावांचं लक्ष नव्हतं. त्यांना राग आला होता. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आठ महिने ज्या जनावराला आपलं समदुःखी समजलो ते अन्नपूर्णेसाठी रडतच नव्हतं म्हणे. म्हणजे त्या घरात रडणारे ते एकटेच.

घरी येऊन त्यांनी पिशवी सोडली. बॉबीन सरळ खाटेवर चढली, खिडकीकडे तोंड करून बसली आणि तिच्या बरगड्या हलू लागल्या. सुरू झालं. पलीकडे काजलचं पोर उठलं असणार.

प्रभाकरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पायाखाली ती फरशी होती. आठ महिने ते तिच्यावरून जाताना पाय मोठा टाकत, तिला टाळत. आज त्यांनी टाच उचलली आणि हळूच टेकवली. मांजरीला काही कळलं नाही. मग त्यांनी दात आवळले आणि दोनदा जोरात आपटली.

बॉबीनने झटकन मान फिरवली. खाटेवरून उडी मारली आणि शेपटी उभी करून ती धावत आली. म्हातारी मांजर, कित्येक महिन्यांत धावली नव्हती. दाराशी येऊन तिने आधी चुलीपाशी पाहिलं. मग ओट्याखाली पाहिलं. मग मान वर करून प्रभाकररावांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

ते तिथेच फरशीवर बसले. आता त्यांना कळलं. मांजरीचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते, पण घरात दिवसातून वीस वेळा ही फरशी वाजत होती, तेव्हा तिला ओरडायचं कारणच नव्हतं. बाई टाच आपटायच्या नवऱ्यासाठी, पण त्या धपधपीवर मांजरही जगत होतं. अन्नपूर्णाबाई गेल्या आणि त्या दिवसापासून या घरात कोणी कोणाला हाक मारली नाही. प्रभाकरराव रडले. तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखे रडले, आणि आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळलं नाही.

मांजर समोर बसून होतं. त्यांनी डोळे पुसले आणि चार बोटं तोंडाकडे नेली. जेवलीस का? हाताला ती खूण अजून येत होती. त्यांनी दुधात पोळी कुस्करून तिच्यासमोर ठेवली आणि पुन्हा तीच खूण केली.

एवढ्यात काजल मागच्या दारातून धापा टाकत आत आली. पोर घरीच टाकून आली होती.

"काका, पडले का काय? धप धप आवाज आला. मले वाटलं, काकू..." ती थांबली. फरशीवर बसलेले प्रभाकरराव, त्यांचे लाल डोळे, तोंडाकडे नेलेली बोटं आणि गुपचूप दूध पिणारं मांजर, हे सगळं तिने पाहिलं.

"ऐकू येत नाई तिले," प्रभाकरराव म्हणाले. "माह्यासारखीच आहे ती."

काजलने उभ्या उभ्या पदराने तोंड पुसलं आणि गेली.

रविवारी बॉबीन सकाळी दोनदा ओरडली. दोन्ही वेळा मांजरीच्या बरगड्या हलताना दिसल्या, तसे प्रभाकरराव उठून फरशीपाशी गेले. तिसऱ्यांदा ओरडली की नाही, ते त्यांना सांगता येईना, कारण मध्ये ते आंघोळीला गेले होते. दुपार झाली. ते खाटेवर बसले, खिडकीकडे तोंड करून, मांजर मांडीवर. काजलचा नवरा आज घरी होता. पोतं घेऊन आला तर काय बोलायचं, ते त्यांनी मनात दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं. मांडीवरचं मांजर ऊबदार होतं. त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

तळपायाला काहीतरी लागलं.

धप धप.

खाटेच्या पायातून ते बॉबीनलाही लागलं असावं. दोघांनी एकदमच मान वळवली.

स्वयंपाकघराच्या दारात काजल उभी होती. कडेवर झोपलेलं पोर, हातात गोळाभाताची ताटली, आणि एक टाच अजून त्या फरशीवरून उचललेली. ओठ तिने हलवले नाहीत. ताटली ओट्यावर ठेवली, मोकळ्या हाताची चार बोटं जुळवली आणि तोंडाकडे नेली.