दोन अर्ध्या बाटल्या

रिटायर झाल्यावर माणसं गोल्फ खेळतात, फार तर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आमच्या भावोजींनी चँडलर शहरातल्या घरी, गराजमध्ये बंदुकीच्या गोळ्या भरायला घेतल्या. भावोजी म्हणजे दिगंबर, माझ्या यामिनीताईचे यजमान. सगळी हयात चिपच्या कंपनीत काढलेले इंजिनियर. रेंजवर जाऊन नेम धरायचा नाद लागला, मग झाडलेल्या गोळीची पितळी पुंगळी घरी आणून तिच्यात नवी दारू भरायची. पावडर म्हणत ते तिला.

शिस्त मात्र कडक. टेबलावर एका वेळी एकच बाटली. लेबल काढायचं नाही. दोन जातींची पावडर कधीच एकत्र करायची नाही, कारण एक सावकाश जळते, दुसरी झपकन, आणि दोघींची मापं वेगळी. हे त्यांनी मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात इतक्यांदा ऐकवलं होतं की ते दिसले की आम्ही ताटं घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचो. ताईला मात्र एवढंच सांगितलं होतं की तिथे हात लावायचा नाही. का, ते नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि मला अजून त्याचा संताप येतो.

त्यांचा मुलगा शार्दूल अ‍ॅशबर्नला असतो. काही वर्षांपूर्वी बापलेकांचं जोरात वाजलं आणि बोलणं बंद झालं. या थँक्सगिव्हिंगला तो यायचं म्हणाला, वर स्वतःहून म्हणाला, बाबा, मलाही रेंजवर न्या. भावोजी हरखून गेले. मुलगा परत मिळतोय, याहून त्यांना दुसरं काही नको होतं.

मुलगा येणार म्हणून ताईने घर घासूनपुसून काढलं, गराजसकट. अर्धे डबे दिसले की एकात करायचे, ही आमच्या आईची शिकवण. आमच्या घरात दोन अर्ध्या तुरडाळी कधी नांदल्या नाहीत. शेल्फवर दोन सारख्या बाटल्या होत्या, दोन्ही अर्ध्या, दोन्हींत काळी बारीक भुकटी. तिने एक दुसरीत ओतली, रिकामी रिसायकलमध्ये टाकली आणि मला फोनवर कौतुकाने सांगितलं, की त्यांचा पसारा आवरला, बाटल्यासुद्धा एकात केल्या.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी त्याच बाटलीतून शार्दूलसाठी गोळ्या भरल्या. रेंजवर पहिल्याच गोळीला बंदूक त्याच्या हातात फुटली. उजवा डोळा गेला आणि अंगठा गेला.

शार्दूलचे कपडे न्यायला मी भावोजींबरोबर हॉस्पिटलमधून घरी आले, तेव्हा ते सरळ गराजमध्ये गेले. बाटलीतली पावडर त्यांनी पांढऱ्या कागदावर ओतली आणि दिव्याखाली धरली. काही कण चपटे होते, काही गोल. मला ताईचा फोन आठवला. काय ते त्यांना सांगावंच लागलं.

ते म्हणाले, "बाटली भरलेली दिसत होती, इला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पोरगा येणार म्हणून माझं लक्षच नव्हतं."

"ताईला काय सांगायचं?"

"काही नाही. मी चुकलो, एवढंच. ती हे सहन नाही करू शकणार. मी करेन."

शार्दूलला त्यांनी तसंच सांगितलं: मापात माझी चूक झाली. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. घरी नेण्याइतका बरा झाल्यावरसुद्धा तो बापाच्या घरी आला नाही. थेट अ‍ॅशबर्नला गेला, आणि ताईला बोलावून घेतलं.

तिला सोडायला आम्ही दोघं एअरपोर्टवर गेलो. भावोजी बॅगा उतरवत होते, हाताच्या अंतरावर. ताईने आवाज खाली आणायचीही तसदी घेतली नाही.

"मी आता परत येणार नाही, इला. ज्याने माझ्या पोराचा डोळा घालवला, त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा मला नको."

मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, अगं ऐक."

भावोजींनी बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. विनवणी होती ती.

"काय?" ताईने विचारलं.

"शार्दूलला जप," मी म्हणाले.