एकशे विसावा महिना

मित्रांनो, शर्टाच्या खिशात मावेल एवढी मी एक जुनी वही आहे. साल १९८४. माझ्या काळ्या पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या आहेत, पण आतली पेन्सिल अजून वाचता येते.

माझे मालक क्रेसेन्सियो इबार्रा नेब्रास्काच्या पश्चिमेला रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होते. घरी त्यांना चेंचो म्हणत. कोणत्या तारखेला, कोणत्या मैलावर, किती तास काम केले, ते रोज माझ्यात लिहीत. त्या हिवाळ्यात टोळीला घरी बसवले होते. एकोणीस जानेवारीला हिमवादळ आले आणि मुकादम टाचो यांनी चेंचोंना बोलावून घेतले. दिवसभर त्यांनी गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांतला बर्फ उकरला. संध्याकाळी माझ्यात नोंद झाली आणि खाली मुकादमांनी सही केली. त्या महिन्यातले ते एकच काम; फेब्रुवारीत टोळी पुन्हा कामावर गेली. पण रेल्वेच्या पेन्शनसाठी महिन्यातला एक दिवसही अख्खा महिना धरतात.

वर्ष संपले आणि मी खणात गेले. पुढे तो रेल्वेमार्ग बंद पडला. चेंचो काउंटीच्या रस्तेखात्यात लागले. माझे काम संपले, असे मला वाटले.

१९८८च्या नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी डेल्फिना यांना खणात पेन्शन कार्यालयाने दरवर्षी पाठवलेले, सेवेचे महिने मोजणारे कागद सापडले. एकही पाकीट उघडलेले नव्हते. त्यांनी बेरीज केली. एकशे एकोणीस महिने भरले. पेन्शनला एकशे वीस लागत. त्यांनी एकेक वही ताडून पाहिली, आणि माझा जानेवारी कागदावर नव्हता. वर्षाचा हिशेब रेल्वे पुढच्या फेब्रुवारीत देई, आणि तिथून चार वर्षांच्या आत चूक दाखवावी लागे. माझ्या वर्षाची मुदत येत्या फेब्रुवारीत संपणार होती.

“जाऊ दे गं,” चेंचो म्हणाले. “म्हातारपणी सगळ्याच कामगारांना मिळतं ते सरकारी पेन्शन आहेच. रेल्वेचं मिळालं तरी त्यातून ते कापूनच घेतात.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळ्यांनी कागद वाचलेत वाटतं, तुझ्यासारखेच.”

रविवारी टाचो मासे धरायला जाताना डोकावले. डेल्फिनांनी त्यांनाच विचारले. टाचोंनी आपला दोन कप्प्यांचा डबा टेबलावर ठेवला.

“हा खालचा कप्पा सरकारी पेन्शनच्या मापानं भरतात, म्हणून ते पेन्शन यातून वजा होतं. वरचा कप्पा निव्वळ रेल्वेचा. त्याला ते हात लावत नाहीत.”

“आणि महिना कमी पडला तर?”

“तर चेंचोची रेल्वेतली वर्षं सरकारी खात्यात जमा होतात. वरचा कप्पा येतच नाही.”

“निवृत्त झालात, तरी डबा सुटला नाही तुमचा,” चेंचो पुटपुटले.

“घरी जेवलो तर सून भांडी घासायला लावते, बाबा.”

डेल्फिना हसल्या नाहीत. त्या कागद घेऊन बसल्या होत्या.

डेल्फिनांनी रेल्वे कंपनीला चूक कळवली. कंपनीने उत्तर दिले, की त्या दिवसाची मजुरी फेब्रुवारीच्या पत्रकात आहे, त्यामुळे जानेवारी रिकामा. डेल्फिनांनी टाचोंचा लेखी जबाब जोडून पेन्शन कार्यालयाला लिहिले. तिथून निरोप आला, मूळ वही पाठवा. मला टपालात टाकायला त्या तयार नव्हत्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून त्यांनी रजा घेतली, मला स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि तीन तास बसने शहर गाठले.

“वही ठेवून जा, बाई. परत पाठवू आम्ही,” कारकून म्हणाला.

“नक्कल काढा. मी इथेच बसते.”

“वेळ लागेल.”

“चारशे पोरांच्या रांगेपुढे रोज उभी असते मी. मला कसली घाई?”

दुपारी नक्कल निघाली. मी त्याच फडक्यात घरी आले.

जानेवारीच्या शेवटी पत्र आले. एकशे वीस महिने. चेंचोंनी ते दोनदा वाचले. मग मला मागवून त्यांनी बर्फाच्या नोंदीखालच्या मोकळ्या ओळीवर लिहिले, ‘डेल्फिना. एक दिवस. माझ्याहून जास्त कष्टाचा.’

वय झाल्यावर त्यांना दोन्ही पेन्शने मिळाली. खालच्या कप्प्यातून वजाबाकी झाली, वरचा शाबूत आला. आता आळीतली माणसे आपापली पाकिटे घेऊन डेल्फिनांकडे येतात. त्या आधी दरडावतात, “उघडलंस का?”

मित्रांनो, घरी येणारा असा कागद न वाचता ठेवू नका. तो आपल्या नोंदीशी ताडून पाहा, आणि चूक दिसली तर मुदतीत उठून जा. आणि माझ्यासारखी जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी तिचे प्रत्येक पान उलटा. एखाद्या पानावर कुणाचा तरी एक दिवस मोजायचा राहिलेला असतो.